मोटोक्रॉसची जुनी गाडी की नवी? हँडलिंग नेमकं कशानं बदलतं ते समजून घेऊ

२०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली रेस झाली आणि तेव्हापासून मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर जंप मारत पळवायच्या गाड्यांबद्दल विचारणारी पोरं एकदम वाढलीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केटीएमनं २५० आणि ४५० सीसीच्या एसएक्स-एफ या मोटोक्रॉस गाड्या भारतात अधिकृतपणे विकायला काढल्या, ४५० ची किंमत १० लाखांच्या वर, आणि ही गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, फक्त ट्रॅकवर. त्यामुळे साहजिकच प्रश्न येतो, की दादा एवढे पैसे घालून नवी घेऊ, की कुणाकडची पंधरा-वीस वर्षं जुनी टू-स्ट्रोक घेऊन तिच्यावर हात बसवू? नवी जास्त चांगली वळते म्हणतात, खरंय का?

खरंय, पण अर्धंच. आणि राहिलेलं अर्धं कुणी नीट सांगत नाही म्हणून हे सगळं लिहायला घेतलंय. मी स्वतः २००६ ची टू-स्ट्रोक २५० चालवतो, मित्रांच्या नव्या ४५० पण भरपूर चालवल्यात, आणि माझं ठाम मत आहे की तुमच्या वजनाला लावून घेतलेली जुनी गाडी ही न लावलेल्या नव्या गाडीपेक्षा जास्त विश्वासानं चालते. आता हे का, ते अगदी मुळापासून बघू.

## आधी दोन शब्द: हँडलिंग आणि सेटअप

हँडलिंग म्हणजे तुम्ही गाडीला जे सांगता ते ती किती ऐकते. वळणात शिरताना पुढचं चाक माती धरतं का, सरळ पट्ट्यात खड्ड्याखड्ड्यांवरून जाताना हँडल हातात शांत राहतं का, आणि जंपवरून खाली आल्यावर गाडी सरळ पुढे जाते की उसळून आडवी होते. बस, एवढंच. आणि सेटअप म्हणजे स्प्रिंगा, ऑइल, उंची, टायरची हवा हे सगळं तुमच्या वजनाला आणि तुमच्या ट्रॅकला जुळवून घेणं. हँडलिंग थोडंफार गाडीसोबत कारखान्यातून येतं, सेटअप मात्र तुम्हालाच करावा लागतो.

## गाडी वळते कशी, आणि जुन्या-नव्यात कोनाचा फरक किती?

मॉलमधली ट्रॉली आठवा. तिच्या पुढच्या चाकाचा दांडा आणि चाक जिथं टेकतं ती जागा एका रेषेत नसते, चाक दांड्याच्या थोडं मागं रखडत येतं, म्हणूनच ते आपोआप सरळ होतं. बाइकचं पण तसंच आहे. हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्याची रेष खाली जमिनीपर्यंत ओढली तर ती टायर टेकतो त्याच्या पुढे जाऊन पडते, या दोन जागांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जास्त असेल तर गाडी सरळ जायला शांत पण वळायला जड, कमी असेल तर पटकन वळते पण वेगात हँडल थरथरायला लागतं.

आता गंमत अशी की कागदावर हे आकडे गेल्या तीसेक वर्षांत फारसे हललेलेच नाहीत. पुढच्या फोर्कचा (पुढचं चाक धरणारे दोन शॉकअपचे पाइप) उभ्या रेषेपासूनचा कोन २६-२७ अंशांच्या आसपास, दोन चाकांमधलं अंतर साधारण १४७० ते १४९० मिलिमीटर. मग जुनी आणि नवी इतकी वेगळी का वाटते? कारण कागदावरचा आकडा गाडी उभी असतानाचा असतो आणि आपण चालवतो ती गाडी सतत पुढेमागे झुकत असते. १४८० मिमीच्या गाडीची मागची बाजू फक्त १० मिमीनं वर गेली तरी पुढचा कोन जवळजवळ ०.४ अंशानं बदलतो. ऐकायला काहीच नाही वाटत, पण एका कंपनीच्या गाडीचा कोन दुसरीपेक्षा वेगळा असतो तो सुद्धा इतपतच असतो. म्हणजे मागची बाजू १० मिमी जास्त बसली की तुम्ही नकळत वेगळ्याच गाडीवर बसलेले असता. हे एवढं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावरच उभं आहे.

## सस्पेन्शन: १०० मिमीपासून ३०० मिमीपर्यंत

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोटोक्रॉसच्या गाडीचं मागचं चाक जेमतेम १०० मिमी वरखाली व्हायचं आणि दोन बाजूंना दोन शॉकअप असायचे, आपल्या जुन्या राजदूतसारखे. मग लुसिएं टिल्केन्स नावाच्या बेल्जियन इंजिनिअरच्या कल्पनेवरून यामाहानं एकच लांब शॉक सीटखाली आडवा बसवला आणि १९७३ मध्ये हॉकन अँडरसननं यामाहावर २५० सीसीचं वर्ल्ड टायटल जिंकलं. तिथून जी शर्यत लागली ती ३०० मिमीपर्यंत जाऊन थांबली, आज बहुतेक सगळ्या गाड्या ३०० च्या आसपासच असतात. ऐंशीच्या दशकात शॉक आणि चिमटा (मागचा स्विंगआर्म हो, गॅरेजमध्ये चिमटाच म्हणतात) यांच्यामध्ये लिंकेज (दोघांना जोडणारे छोटे दांडे) आलं, म्हणजे सुरुवातीला मऊ आणि खोलवर दबल्यावर कडक असं काम सुरू झालं. पुढं उलटे फोर्क आले, डिस्क ब्रेक आले. त्यामुळे १९८५ ची गाडी आणि आजची गाडी यांची तुलनाच करू नये, ते दोन वेगळे काळ आहेत. मी जुनी म्हणतोय ती १९९५ ते २०१० च्या मधली.

आता शॉकअपच्या आत काय होतं ते समजायला रंगपंचमीची पिचकारी घ्या. दांडा हळू दाबला तर पाणी आरामात बाहेर येतं, हाताला काही लागत नाही. तोच दांडा एकदम जोरात ढकलून बघा, दगडासारखा अडतो. भोक तेच, पाणी तेच, फक्त वेग वेगळा. शॉकअपमध्ये ऑइल असंच बारीक भोकांतून आणि पातळ चकत्यांच्या थप्पीतून जातं. दबताना होणाऱ्या विरोधाला कॉम्प्रेशन म्हणतात आणि परत वर येतानाच्या विरोधाला रिबाउंड. ऑफिसच्या काचेच्या दाराला वर तो हायड्रॉलिक हात असतो ना जो दार धाडकन आपटू देत नाही, ते रिबाउंडचंच काम.

जुन्या आणि नव्यातला खरा फरक इथं आहे. चांगल्या सस्पेन्शननं ब्रेक मारताना, म्हणजे दांडा हळू दबताना, गाडी उभी धरायची असते आणि दगडावर आदळल्यावर, म्हणजे दांडा झटक्यात दबताना, मऊ सोडून द्यायचं असतं. पिचकारीच्या बरोबर उलटं! ते चकत्यांच्या वाकण्यातून साधतात, वेगानं आलेलं ऑइल चकत्या वाकवून जास्त मोठी वाट करून घेतं. जुन्या गाड्यांत एकाच स्क्रूवर सगळं भागवायचं, नंतरच्या गाड्यांच्या मागच्या शॉकला हळू आणि जोरात दबण्यासाठी वेगवेगळे स्क्रू आले. पण प्रगती दरवर्षी होते असं समजू नका. यामाहानं २००६ च्या वायझेड२५० या टू-स्ट्रोकला कायाबा या जपानी कंपनीचं जे सस्पेन्शन दिलं त्याची स्तुती आजही होते, आणि आज परदेशात शोरूममध्ये मिळणाऱ्या वायझेड२५० चा साचा जवळपास तोच आहे, २००५ ला आलेली अल्युमिनियमची फ्रेम आणि २००६ चं सस्पेन्शन, वर नवीन प्लास्टिक आणि ब्रेकची सुधारणा. म्हणजे इथं तर "जुनी" आणि "नवी" हा भेदच पुसट होतो.

## फ्रेम कडक असणं चांगलं की वाईट?

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो त्यामुळे जरा लांबणार.

जुन्या फ्रेम स्टीलच्या पाइपच्या. बैलगाडीची धुरी किंवा खांद्यावरची कावड कशी लवते, तशी ती फ्रेम लोडखाली किंचित लवते. वळणात गाडी जेव्हा ४५ अंशांत आडवी असते तेव्हा एक विचार करा, खड्डा येतो तो सरळ जमिनीच्या दिशेनं ढकलतो पण शॉकअप तर तिरके पडलेत, ते फक्त त्यांच्या रेषेतलाच धक्का गिळू शकतात. मग बाजूनं आलेला उरलेला धक्का कोण गिळणार? फ्रेम, फोर्कचे पाइप, चाकाचे स्पोक आणि टायर, यांनी थोडं लवायचं असतं. यांनी लवायला नकार दिला की टायर माती सोडतो आणि पुढचं चाक घसरतं.

१९९७ ला होंडानं सीआर२५०आर ला जाड अल्युमिनियमची फ्रेम दिली, मोठ्या प्रमाणावर बनवलेल्या मोटोक्रॉस गाडीला पहिल्यांदाच. दिसायला जबरदस्त, आणि इतकी कडक की चालवणाऱ्यांचे हात भरून यायचे. जेरेमी मॅकग्रा त्या वेळचा सगळ्यात मोठा सुपरक्रॉस रायडर, १९९३ ते ९६ सलग चार टायटल होंडावर जिंकलेला, आणि तो त्या सगळ्या वर्षांत १९९३ च्या स्टीलच्या चासीलाच चिकटून होता कारण त्याला तीच आवडायची. ९७ ची नवी गाडी त्याला पटली नाही, करारावरूनही बिनसलं, सीझनच्या तोंडावर तो सुझुकीवर गेला आणि त्या वर्षीचं टायटल कावासाकीवरच्या जेफ एमिगनं नेलं. म्हणजे जगातला सगळ्यात चांगला रायडर म्हणत होता की मला जुनीच गाडी बरी, आणि त्याचं चुकत नव्हतं.

होंडा शिकली मात्र. २००० ला फ्रेम बारीक झाली, लवायला लागली, आणि तेव्हापासून सगळ्याच कंपन्या कडकपणा आणि लवचिकता यांचं गणित जुळवतायत. २०२१ च्या सीआरएफ४५०आर मध्ये बाजूचा कडकपणा मुद्दाम कमी केला. केटीएम तर आजही स्टीलच वापरते, तरी २०२३ ची त्यांची नवी फ्रेम कडक लागते अशी ओरड झालीच आणि २०२५ च्या मॉडेलला त्यांनी ती काही ठिकाणी कापून मोकळी केली. तेव्हा अल्युमिनियम म्हणजे कडक आणि स्टील म्हणजे मऊ असं सरळ गणित नाही, किती जाड, कुठं जोडलंय, इंजिन कोणत्या पट्ट्यांनी धरलंय यावर सगळं आहे.

आपल्याकडं याचा अर्थ काय? आपले ट्रॅक बहुतेक मुरमाचे, पावसाळ्यानंतरचे एक-दोन महिने सोडले तर पार सिमेंटसारखे टणक. युरोप-अमेरिकेत जंपवर जंप असलेल्या, खोल खणलेल्या मातीसाठी बनवलेली नवी कडक गाडी मऊ मातीत सोन्यासारखी चालते आणि मे महिन्यातल्या मुरमावर हातांना झिणझिण्या आणते. जुनी थोडी लवणारी गाडी तिथं उलट मायाळू वाटते.

## टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक: इंजिनानं हँडलिंग बदलतं हे पटत नाही?

नाही पटलं तर भोवरा फिरवून बघा. फिरता भोवरा बोटानं आडवा करायला गेलं की तो विरोध करतो. इंजिनात फिरणारी क्रँक हा भोवराच आहे आणि ४५० फोर-स्ट्रोकची क्रँक वजनदार असते, वर डोक्यात कॅम आणि व्हॉल्व्ह, म्हणजे वजन पण उंचावर. काट्यावर यामाहाची टू-स्ट्रोक २५० भरते सगळं ऑइल-पेट्रोल धरून १०३ किलो आणि होंडाची २०२१ ची ४५० साधारण १११. फरक ८ किलोचा, पण एस वळणात गाडी डावीकडून उजवीकडं पाडताना तो २० किलोचा असल्यासारखा वाटतो.

दुसरं इंजिन ब्रेकिंग. फोर-स्ट्रोकचा ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन गाडीला मागं ओढतं, वजन पुढं येतं, फोर्क दबतात, पुढचा कोन उभा होतो आणि गाडी आपसूक वळणात शिरते. टू-स्ट्रोकला हे जवळजवळ नाहीच, ती सोडल्यावर सायकलसारखी घरंगळत राहते, पुढं वजन तुम्हीच न्यायचं, ब्रेकनं आणि शरीरानं. म्हणूनच ४५० च्या पुढच्या स्प्रिंगा जास्त कडक, प्रति मिलिमीटर ०.५ किलोच्या आसपास असतात आणि टू-स्ट्रोक २५० च्या ०.४३-०.४४. नव्या फोर-स्ट्रोकवर शिकलेला माणूस जुन्या टू-स्ट्रोकवर बसला की "पुढचं चाक पकडतच नाही" म्हणतो ते यामुळं, गाडीत दोष नसतो.

कार्ब्युरेटरचं पण सांगतो थोडक्यात. पुणे ५६० मीटरवर, इथं लावलेलं जेटिंग (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जाणार ते) घेऊन तुम्ही कोकणात समुद्राकाठी गेलात तर हवा दाट होते आणि मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. इंजेक्शनवाल्या नव्या गाडीला याची फिकीर नाही. शिवाय नव्या गाड्यांत बटण दाबून इंजिन मवाळ करता येतं, यामाहाच्या ४५० ला तर २०१८ पासून मोबाइलवरून मॅप (इंजिनचं सेटिंग) बदलता येतो, आणि मवाळ मॅपवर वळणातून बाहेर पडताना पुढचं चाक जमिनीवर राहतं, म्हणजे हा पण हँडलिंगचाच भाग झाला. इथं नवी सरळ जिंकते.

## आता टेप घ्या हातात

सॅग नावाची एक गोष्ट आहे. बाजेवर बसलात की ती खाली झोळते, तसं तुम्ही बसल्यावर गाडीची मागची बाजू किती खाली बसते ते माप. मोटोक्रॉसमध्ये साधारण १०० ते १०५ मिमी हवं, म्हणजे ३०० मधला एक तृतीयांश. चाकाला वर जायला जशी जागा हवी तशी खड्ड्यात खाली जायला पण हवी, म्हणून.

मागच्या हिवाळ्यात मित्राची नवी ४५० घेऊन आम्ही बसलो होतो. तो ६१ किलोचा, आणि अशा गाड्यांच्या स्प्रिंगा सहसा ७५-८५ किलोच्या माणसाला धरून येतात. त्याची तक्रार अशी की सरळ पट्ट्यात हँडल दोन्ही बाजूंना थडथड करतंय, भीती वाटते. गाडी स्टँडवर, मागचं चाक हवेत, ॲक्सलच्या मध्यापासून वर प्लास्टिकवर मार्करनं केलेल्या खुणेपर्यंत ६१२ मिमी. स्टँडवरून खाली काढली, नुसती गाडी, ५७६. मग तो हेल्मेट, बूट, गार्ड सगळं चढवून फुटरेस्टवर उभा राहिला, हळूच बसला, मी समोरून हँडल धरलं आणि तिसऱ्यानं टेप लावला, ५२४. म्हणजे माणसासकट ८८ आणि नुसत्या गाडीचं ३६. मागची बाजू जवळजवळ १५ मिमी उंच! वर आपण बघितलंच की १० मिमीला ०.४ अंश, म्हणजे याचा फोर्क अर्ध्या अंशाहून जास्त उभा झालेला, ट्रेल कमी झालेला, मग हँडल थरथरणार नाही तर काय.

स्प्रिंगवरचा मोठा नट सैल करत करत १०४ वर आणलं. पण आता नुसत्या गाडीचं माप आलं ५२, आणि ते ३० ते ४० च्या मध्ये हवं. बहुतेक लोक इथंच फसतात. माणसासकटचं माप बरोबर आणि नुसत्या गाडीचं जास्त याचा अर्थ स्प्रिंग या माणसाला कडक आहे. आणि उलट, नुसत्या गाडीचं २०-२५ च आलं तर स्प्रिंग मऊ आहे, कारण माणूस पेलायला नट इतका आवळावा लागलाय की गाडी एकटी असताना बसतच नाही. पहिल्यांदा ऐकलं की उलटंच वाटतं पण दोन वेळा मोजून बघा, पटेल. त्याला दोन साइज हलकी स्प्रिंग मागवून दिली, माप आलं १०३ आणि ४०. हँडलची थडथड गेली. १० लाखांची गाडी आणि दुरुस्त झाली ती एका स्प्रिंगनं.

टेप लावायच्या आधी त्याच दिवशी त्यानं माझी जुनी चालवून बघितली होती. माझ्या आणि त्याच्या वजनात फक्त चार किलोंचा फरक, त्यामुळे माझा सेटअप त्याला जवळपास लागू होता. दुसऱ्याच फेरीला तो आतली लाइन धरायला लागला जी त्याला स्वतःच्या गाडीवर धरता येत नव्हती. उतरल्यावर बराच वेळ गाडीकडं बघत उभा होता.

सॅग झाल्यावरच बाकीचं. वळणात पुढचं चाक बाहेर पळतंय तर फोर्क टीमध्ये (फोर्कचे पाइप धरणारा क्लॅम्प) २-३ मिमी वर सरकवा, वेगात थरथरतंय तर खाली. ब्रेक मारायच्या जागी जे खड्डे पडतात तिथं मागची बाजू लाथ मारते तर रिबाउंड दोन क्लिक हळू करा. आणि एक चूक फार होते, रिबाउंड इतका हळू असतो की शॉक परत वर यायच्या आत पुढचा खड्डा येतो, मग पुढचा, शॉक खालीच अडकून पडतो आणि गाडी कडक वाटते, मग माणूस कॉम्प्रेशन मऊ करतो आणि अजून बिघडवतो. टायरची हवा १२ ते १४ पीएसआय, मुरमावर थोडी जास्तच, रिम वाकण्यापेक्षा बरी. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा, मोबाइलमध्ये नको, मातीच्या हातांनी मोबाइल बाहेर निघत नाही.

## "नवी गाडी कंपनीतून सेट होऊनच येते ना?"

येते, पण कुणाच्या तरी सरासरी वजनाला. शिंप्याकडं न जाता घेतलेला तयार शर्ट म्हणा. तुम्ही ८० किलोचे असाल तर कदाचित अंगाला बसेल सुद्धा. आपल्याकडचे बरेच रायडर ५५ ते ६८ किलोंमध्ये असतात, त्यांना ४५० ची स्प्रिंग कडकच लागते. शिवाय नवी गाडी पहिले चार-पाच तास आकसलेली असते, सील आणि बेअरिंग मोकळी झाल्यावर सॅग परत मोजावं लागतं.

## "एअर फोर्कमध्ये तर स्प्रिंगच नसते, मग?"

मग उलट सोपं, स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते, वजन बदललं तर पंपानं दाब बदलायचा, केटीएमच्या फोर्कमध्ये तो १० बारच्या आसपास असतो, आणि गाडी किलो-दीड किलोनं हलकी होते. तोटा हा की हवा तापली की दाब वाढतो. सकाळी सातला १८ अंशांत भरलेली हवा दुपारी एकला तशी राहत नाही, आणि नागपूर-अकोल्याच्या उन्हात तर विचारूच नका. दर वेळी निघायच्या आधी तपासावं लागतं. होंडानं २०१३ ला एअर फोर्क दिला आणि २०१७ ला परत स्प्रिंगवर आली. वाईट म्हणून नाही म्हणणार मी, पण नवशिक्याला मी स्प्रिंगवालीच घ्यायला सांगतो.

## "जुनी चालवली, भयानक होती"

शंभरातल्या बहुतेक वेळा ती जुनी असल्यामुळं नाही तर मेलेली असल्यामुळं भयानक असते. रस्त्यावरच्या गाडीचा हिशोब किलोमीटरचा, या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये सस्पेन्शनचं ऑइल तासांवर किंवा रेसच्या संख्येवर बदलायला सांगितलेलं असतं, आणि आपल्याकडं वर्षानुवर्षं तेच ऑइल फिरत असतं. काळं, पातळ, माशासारखा वास येणारं. त्यात लिंकेजची सुईसारखी बेअरिंग पाणी जाऊन गंजतात. दाबलं तर जातं पण अडखळत जातं, आणि तुम्ही शॉकला दोष देता.

म्हणून जुनी बघायला गेलात की गाडी चालू करायच्या आधी हे करा. स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा, टक्क असा खेळ लागला तर लिंकेज गेलंय. चाक डावी-उजवीकडं ओढा, चिमट्याचं बेअरिंग कळतं. पुढचं चाक हवेत ठेवून हँडल बोटानं ढकला, मध्यावर आल्यावर खाचेत पडल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) संपलाय आणि अशी गाडी सरळ जाणारच नाही. फोर्कच्या चकचकीत पाइपवरून नख फिरवा, नख अडकलं तर सील कितीही बदला, गळणारच. फ्रेमला फुटरेस्टजवळ आणि हँडलच्या मानेजवळ तडा किंवा वेल्डिंगचा जोड दिसला तर निघून या, भाव कितीही पडला तरी.

ऑइल, सील, बेअरिंग आणि तुमच्या वजनाच्या स्प्रिंगा, हा खर्च गाडीच्या किमतीत धरूनच बोलणी करा. पार्टची शोधाशोध करावी लागते हे खरंय, खूप चाललेल्या मॉडेलचे मिळतात, अप्रसिद्ध मॉडेलच्या नादाला लागू नका.

## "आमच्याकडं हिरोची एक्सपल्स आहे, हे सगळं आम्हाला लागू होतं का?"

होतं की. एक्सपल्स २०० फोरव्हीला पुढं १९० आणि मागं १७० मिमी ट्रॅव्हल आहे, म्हणजे मागचा एक तृतीयांश काढला तर साधारण ५५ मिमी. मोजायची पद्धत अगदी तीच, स्टँडवर, नुसती गाडी, मग माणूस. मागं सामान किंवा बायको बसणार असेल तर त्यांच्यासकट मोजा आणि मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) त्याप्रमाणे फिरवा. एक टेप, एक मार्कर, दोन मित्र आणि वीस मिनिटं लागतात. येत्या रविवारी मोजा आणि तिन्ही आकडे लिहून ठेवा, पुढं १० लाखांची घ्या नाहीतर जुनी, पहिल्या दिवशी तिच्यावरही हेच तीन आकडे घ्यायचेत.